पत्र कोणाचे, टपालपेटी कोणाची?

काही वर्षांपूर्वी माण तालुक्यात म्हसवडला विज्ञान शिक्षकांच्या एका मेळाव्यास आम्ही गेलो होतो. विषय होता पर्जन्यमापन. व्याख्यान संपल्यावर चहाच्या वेळी एक शिक्षक आम्हाला जरा बाजूला घेऊन गेले. त्यांच्या शाळेच्या मैदानावर मुलांनी पर्जन्यमापक बसवला होता आणि सलग तीन पावसाळे रोज सकाळी साडेआठ वाजता नोंद घेतली होती. मुलांची बेरीज मंडळाच्या जाहीर आकड्यापेक्षा बरीच कमी भरत होती. त्यात नवल काही नाही. वळवाचा पाऊस एका शिवारात कोसळतो आणि दोन कोसांवरच्या शिवारात धूळही बसत नाही. आपल्या भागात आणखी एक सरकारी पर्जन्यमापक असावा, एवढीच मागणी या शिक्षकांनी आकड्यांसह एका वृत्तपत्राला कळवली. पत्र पाठवले शाळेच्या ई-मेलवरून. खाली आपले नाव, हुद्दा आणि शाळेचे नाव लिहिले. पत्र छापून आले आणि आठवड्याच्या आत त्यांच्याकडून लेखी खुलासा मागवण्यात आला.

त्यांनी आम्हाला विचारले, “सर, आकडे चुकीचे आहेत असं कोणीच म्हणत नाही. म्हणतात, मेल शाळेची होती. मग ते पत्र माझं होतं की शाळेचं?”

तेव्हा आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. नंतर शोध घेऊ लागलो तेव्हा ध्यानात आले की प्रश्न ई-मेलपेक्षा पुष्कळ जुना आहे. सरकारी किंवा सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेत नोकरी करणाऱ्या माणसाला स्वतःचे मत असते का, असले तर ते कोणत्या कागदावर लिहावे, आणि त्याचे टपाल कोणी उघडावे, याची चर्चा महाराष्ट्रात पावणेदोनशे वर्षे चालू आहे. तिची सुरुवात शिक्षकांनी आणि न्यायखात्यातील नोकरांनी केली, हे शिक्षक वाचकांना ठाऊक असायला हवे.

टोपणनावाचा काळ

१८४८ साली भाऊ महाजन यांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रे येऊ लागली. ती लिहिणारे गोपाळ हरि देशमुख त्या वेळी पंचवीस वर्षांचे होते आणि कंपनी सरकारच्या नोकरीत होते. टोपणनावामागे अनेक कारणे असतील, पण सरकारी नोकराला ती सोय होती हे उघड आहे. आपली नोकरी एका बाजूला आणि आपले मत दुसऱ्या बाजूला ठेवण्याची ती एक युक्ती होती.

पुढच्या पिढीत या युक्तीला शास्त्रीय वळण लागले. १८७६-७७ च्या दुष्काळाने दख्खनचा कणा मोडला. सातारा, सोलापूर, कलादगी हे जिल्हे त्यात होरपळले आणि माणदेश त्यांच्या मध्यावर होता. १८७० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली. पिके किती बुडाली, धान्याचा भाव काय, दुष्काळी कामावर मजुरी किती, हे आकडे सरकारपुढे आणि लोकांपुढे ठेवले. या कामामागे मुख्य बुद्धी होती महादेव गोविंद रानडे यांची, आणि ते त्या वेळी पुण्यात सरकारी न्यायाधीश होते.

सभेचे इंग्रजी त्रैमासिक १८७८ साली सुरू झाले. शेती, सारा आणि व्यापार यांवरील आकडेवारीने भरलेले कितीतरी लेख त्यात सहीविना येत. त्यांतील अनेक लेख गणेश व्यंकटेश जोशी यांचे होते. सभेचे संस्थापक ‘सार्वजनिक काका’ म्हणजे गणेश वासुदेव जोशी, ते वेगळे. हे जोशी सरकारी शाळेतील शिक्षक होते आणि पुढे मुख्याध्यापक झाले. गोपाळ कृष्ण गोखले १८९७ साली वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी विलायतेला गेले, तेव्हा त्यांच्या आकड्यांची तयारी करून देण्यात या मुख्याध्यापकांचा मोठा हात होता. नोकरीमुळे जे लेख त्यांना आपल्या नावाने छापता आले नाहीत, ते त्यांच्या मृत्यूनंतर १९१२ साली पुस्तकरूपाने त्यांच्या नावावर आले. हिंदुस्थानच्या अर्थशास्त्राचा एक पाया शाळामास्तराने घातला आणि तोही नाव झाकून, ही गोष्ट आपण मुलांना सहसा सांगत नाही.

त्याच दुष्काळात आणखी एका सरकारी नोकराने दुसरी वाट धरली. सरकारचे दुष्काळ प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम धान्य आणि थोडे पैसे पुरेत असे ठरवले. मद्रास इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश हे वैद्यकाचे जाणकार. कष्ट करणाऱ्या शरीराला किती अन्न लागते याचा हिशेब मांडून त्यांनी सरकारी पत्रव्यवहारातूनच वरिष्ठांना सडेतोड विरोध केला. १८७७ मध्येच मद्रासेत शिधा वाढवण्यात आला. खात्याच्या कागदावर, खात्याच्या शाईने लिहिलेल्या मतभेदाने सरकारचा आकडा बदलला. कॉर्निश गप्प बसले असते तर खात्याची शिस्त शाबूत राहिली असती आणि माणसे मात्र अधिक मेली असती.

शिष्यवृत्ती आणि उघडलेली पत्रे

रानड्यांच्या आयुष्यात हा प्रश्न दोनदा आला. पहिल्यांदा ते एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकत असताना. मराठ्यांचे राज्य आणि इंग्रजांचे राज्य यांची तुलना करणारा निबंध त्यांनी लिहिला आणि त्यात मराठी राज्याची बाजू घेतली. महाविद्यालयाचे प्रमुख होते सर अलेक्झांडर ग्रँट, जे पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ग्रँट साहेबांना रानड्यांच्या बुद्धीचे कौतुक होते. तरीही जे सरकार तुला शिकवते त्याची निंदा तू करू नयेस, असे बजावून त्यांनी रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली.

हा युक्तिवाद नीट पाहावा. ग्रँट यांनी निबंधातील एखादे प्रमाण खोटे आहे असे दाखवले नाही. त्यांचे म्हणणे होते की पैसा सरकारचा आहे. म्हसवडच्या शिक्षकांना जे ऐकावे लागले ते याहून फार निराळे नव्हते. पैशाच्या जागी ई-मेल आली, इतकेच.

दुसरा प्रसंग १८७९ चा. वासुदेव बळवंत फडके यांचे बंड चालू होते. मे महिन्यात पुण्यातील बुधवार वाड्याला आग लागली आणि पुण्याच्या पुढाऱ्यांवर सरकारचा संशय बळावला. रानड्यांची बदली धुळ्यास झाली. तिथे त्यांचे टपाल उशिरा येऊ लागले आणि पत्रे फोडून पुन्हा चिकटवलेली दिसू लागली. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत हे सांगितले आहे. इतकेच नव्हे तर फडक्यांच्या बंडाशी संबंध दाखवणारी बनावट पत्रेही त्यांच्या नावे येत. ती रानडे सरळ पोलिसांच्या हवाली करीत. काही काळाने पोलेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने संशय फिटल्याचे त्यांना सुचवले.

ही पत्रे घरच्या पत्त्यावर, स्वतःच्या तिकिटाने आलेली होती. सरकारी दौत नाही, सरकारी कागद नाही. तरी ती उघडली गेली, कारण उघडणाऱ्यांना काळजी कागदाची नव्हतीच. त्यांना माणसाच्या मनात काय आहे ते पाहायचे होते. यंत्राच्या मालकीचे कारण पुढे केले जाते तेव्हा खरे कारण हेच तर नाही ना, ही शंका घेण्याचा धडा आपल्याला धुळ्याने दिला आहे.

याच वर्षी विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळेतील नोकरीचा राजीनामा दिला. १८७४ पासून ते ‘निबंधमाला’ चालवीत होते आणि त्यांची बदली पुण्याहून रत्नागिरीस झाली होती. ती लेखनामुळेच झाली असे लोक मानत. १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. बोलायचे असेल तर स्वतःची शाळा काढावी, असा त्यांचा हिशेब होता.

पण स्वतःची शाळा काढून प्रश्न मिटत नाही, कारण शाळेला अनुदान लागते. सातारकरांना हे वेगळे सांगायला नको. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ च्या सुमारास, कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या सरकारवरील टीकेमुळे मुंबई सरकारने रयत शिक्षण संस्थेचे अनुदान थांबवले होते. ते पुढे पुन्हा सुरू झाले. आता राज्य परके नव्हते, मंत्री स्वातंत्र्यलढ्यातून आलेले होते. तरीही जो पैसा देतो त्याच्याविरुद्ध बोलू नये ही ग्रँट साहेबांची समजूत इमारतीबरोबर वारशाने आली.

तार अरुंद होती तेव्हा

आता ई-मेलकडे येऊ. भारतात ती विद्यापीठांच्या आणि संशोधनसंस्थांच्या दारातून आली. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हे शिक्षण आणि संशोधन जाळे उभारायला घेतले. मुंबईत जुहूला असलेली राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र ही संस्था, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, पाच आयआयटी आणि खुद्द तो विभाग असे आठ भागीदार होते. सुरुवातीला सेवा एकच होती, ई-मेल. एक संगणक ठरावीक वेळी मोडेममधून दुसऱ्याला दूरध्वनी लावी, साठलेली पत्रे त्याच्या हवाली करी आणि त्याच्याकडची घेऊन फोन ठेवी. गावोगावी थैल्या बदलत जाणाऱ्या टपालगाडीसारखाच हा प्रकार होता.

जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली आणि मुंबई यांच्यात सेकंदाला ९,६०० बिट वाहून नेणारी कायमची तार जोडली गेली. हे गणित वर्गात करून घेण्याजोगे आहे. रोमन लिपीतील एका अक्षराला ८ बिट धरले तर सेकंदाला १,२०० अक्षरे जातात. दोन हजार अक्षरांचे पत्र दोन सेकंदांच्या आत पोचते. पण दहा लाख बाइटचे एक छायाचित्र पाठवायचे तर ८० लाख बिट होतात आणि जवळजवळ १४ मिनिटे ती तार त्या एका चित्रासाठी अडून राहते. १९९२ साली मुंबईहून अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याशी जोडणी झाली, तिचा वेग होता सेकंदाला ६४ हजार बिट. त्या एका नळीतून देशभरातले शास्त्रज्ञ जगाशी बोलत होते.

अशा वेळी कामापुरतीच पत्रे पाठवावीत हा नियम न्याय्य होता. गावाला एकच विहीर असली तर तिथे म्हशी धुऊ नयेत असा नियम करावाच लागतो. तो नियम माणसाच्या मताविषयी नसतो, पाण्याविषयी असतो. पुढे तार रुंद झाली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. आज विद्यार्थ्याच्या खिशातला फोन त्या जुन्या तारेच्या हजारपट वेगाने बोलतो. टंचाई गेली, पण नियम उरला. कारण गेले की नियमाला दुसरे कारण शोधावे लागते, आणि हाताशी असलेले सर्वांत सोपे कारण म्हणजे मजकूर.

ई-मेलचा आणखी एक गुण इथे समजून घ्यायला हवा. लिफाफ्यातले पत्र एकच असते. ते फोडले तर खूण राहते, म्हणून तर धुळ्याला रानड्यांना कळले. ई-मेलची मात्र प्रत पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवर राहते, घेणाऱ्याच्या सर्व्हरवर राहते, शिवाय राखीव साठ्यातही राहते. आपण ‘पुसा’ म्हटले तरी या साऱ्या प्रती पुसल्या जातीलच असे नाही. वाटेत मजकूर सांकेतिक केलेला असला तरी दोन्ही टोकांच्या सर्व्हरची किल्ली ज्याच्या हाती आहे त्याला साधारणपणे तो वाचता येतो, आणि वाचल्याची खूण आपल्याला दिसत नाही. संस्थेची ई-मेल म्हणजे संस्थेच्या कार्यालयातून जाणारे पोस्टकार्ड होय. तांत्रिकदृष्ट्या कोणीही वाचू शकतो म्हणून नैतिकदृष्ट्या कोणीही वाचावे असे मात्र होत नाही. पोस्टमननेही कार्ड वाचू नये असेच आपण मानतो.

व्हर्जिनियाचे प्राध्यापक

ज्या व्हर्जिनियाशी आपली तार जोडली गेली होती, तिथेच या विषयावरचा एक मोठा खटला झाला. तिथल्या राज्याने १९९६ साली कायदा केला की सरकारी मालकीच्या संगणकावर राज्याच्या नोकरांनी लैंगिक विषयावरचा उघड मजकूर पाहू नये. खऱ्या संशोधनासाठी पाहायचा असेल तर कार्यालयप्रमुखाची परवानगी घ्यावी. सार्वजनिक विद्यापीठांतील सहा प्राध्यापक न्यायालयात गेले. त्यांतले एक जण एकोणिसाव्या शतकातील इंग्रज कवी स्विनबर्नचे अभ्यासक होते. त्या कवीचे काही काव्यच या कायद्याच्या कचाट्यात सापडत होते. खालच्या न्यायालयात प्राध्यापक जिंकले, पण २००० साली वरिष्ठ संघराज्य न्यायालयात हरले. न्यायालयाचे म्हणणे असे की नोकर म्हणून, मालकाच्या यंत्रावर जे केले जाते त्याचे नियंत्रण मालक करू शकतो, आणि अध्यापनाचे स्वातंत्र्य असलेच तर ते विद्यापीठाचे आहे, एकट्या प्राध्यापकाचे नव्हे.

याच देशात १९६८ साली उलट दिशेचा निकाल लागला होता. इलिनॉय राज्यातील पिकरिंग नावाच्या शिक्षकाने शाळामंडळ पैसा कसा खर्च करते यावर टीका करणारे पत्र स्थानिक वृत्तपत्राला लिहिले. मंडळाने त्याला काढून टाकले. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला. शाळेचा पैसा हा सार्वजनिक प्रश्न आहे आणि त्याबद्दल शिक्षकांनाच अधिक माहिती असते, म्हणून त्यांना बोलता आले पाहिजे. त्याच्या पत्रातील काही आकडे चुकलेले होते. पण त्याने जाणूनबुजून खोटे लिहिले नव्हते, म्हणून तेवढ्याने त्याचा हक्क जात नाही, असेही न्यायालयाने सांगितले.

दोन निकाल शेजारी ठेवले की फरक दिसतो. पिकरिंगने पत्र स्वतःचे म्हणून लिहिले होते, व्हर्जिनियाच्या प्राध्यापकांनी राज्याचे यंत्र वापरले होते. एका ठिकाणी प्रश्न होता माणूस काय म्हणतो याचा, दुसऱ्या ठिकाणी प्रश्न यंत्राचा करून टाकला गेला. यंत्राचा प्रश्न झाला की माणूस हरतो.

आपल्याकडचा कायदा

भारतीय संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने भाषण आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य सर्व नागरिकांना दिले आहे. सरकारी नोकर वगळून, असे त्यात लिहिलेले नाही. १९६२ साली कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की नोकरीत शिरल्याने माणूस मूलभूत हक्क गमावत नाही. कर्मचाऱ्यांच्या निदर्शनांवरील सरसकट बंदी न्यायालयाने रद्द केली, संपाचा हक्क मात्र मूलभूत मानला नाही. म्हणजे बंधने असू शकतात, पण त्यांना कारण लागते.

तरीही वर्तणूक नियम आहेतच. महाराष्ट्रात सरकारी नोकरांसाठी १९७९ चे, तर खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९८१ चे नियम आहेत. विद्यापीठांच्या बाबतीत २०१८ साली मोठा वाद झाला. केंद्रीय नोकरांचे वर्तणूक नियम केंद्रीय विद्यापीठांतील अध्यापकांना लावले जाणार अशी चर्चा उठली. तेव्हाचे मनुष्यबळ विकास मंत्री प्रकाश जावडेकर यांनी विद्यापीठांत अभिव्यक्तीवर बंधन आणलेले नाही असा खुलासा केला. ई-मेलविषयी केंद्र सरकारने २०१५ च्या फेब्रुवारीत धोरण अधिसूचित केले. कार्यालयीन पत्रव्यवहार सरकारने दिलेल्या ई-मेलवरूनच करावा हा त्याचा गाभा होता. कोणाची ई-मेल तपासायची तर त्यासाठी सक्षम अधिकाऱ्याची मान्यता वा कायद्याचा आधार लागेल, हेही त्यात होते.

याच सुमारास ई-मेल आणि फोनवरच्या मजकुराबद्दल अटका होऊ लागल्या होत्या. एप्रिल २०१२ मध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातील रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांना मुख्यमंत्र्यांवरचे व्यंगचित्र ई-मेलने पुढे पाठवल्याबद्दल अटक झाली. वापरलेली ई-मेल विद्यापीठाची नव्हती, त्यांच्या गृहसंस्थेची होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये आपल्या पालघरला दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरासाठी पकडण्यात आले. या प्रकरणांत ज्या ६६-अ कलमाचा आधार घेतला गेला ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. जादवपूरच्या प्राध्यापकांची सुटका व्हायला मात्र जानेवारी २०२३ उजाडला. हक्क कागदावर असणे आणि तो हाती लागणे यांत जवळजवळ अकरा वर्षे गेली.

सर्वांत जवळचे उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातले आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या एका महाविद्यालयातील प्राध्यापकांनी व्हॉट्सॅपच्या स्टेटसवर अनुच्छेद ३७० रद्द करण्यावर टीका केली आणि पाकिस्तानला त्याच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. त्यांच्यावर गुन्हा नोंदला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द करण्यास नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०२४ रोजी तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, आणि मजकुराचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर मनाच्या माणसांवरून, असे न्यायालयाने म्हटले. त्याआधी जानेवारी २०२० मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयाने सरकारी नोकरालाही समाजमाध्यमावर मत मांडण्याचा हक्क आहे असा निर्णय दिला होता. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने रुमानियातील एका नोकराच्या बाबतीत म्हटले की मालकाला संदेश तपासायचे असतील तर त्याची कल्पना आधी द्यायला हवी.

नियम कसा असावा

संस्थेने नियम करूच नयेत असे आमचे म्हणणे नाही. विद्यार्थ्यांची खासगी माहिती बाहेर जाऊ नये, प्रश्नपत्रिका फुटू नये, शाळेच्या नावाने निवडणुकीचा प्रचार होऊ नये, सहकाऱ्याला त्रास देणारे संदेश जाऊ नयेत, यासाठी नियम हवेतच. पण वरील इतिहासातून तीन गोष्टी वेगळ्या करता येतात आणि त्या नेहमी एकत्र कालवल्या जातात.

पहिली, यंत्राचा वापर. यंत्र कशासाठी आणि किती वापरावे हे संस्था ठरवू शकते, पण नियम सर्वांना सारखा हवा. शाळेच्या मेलवरून अभिनंदनाचे पत्र चालत असेल आणि तक्रारीचे चालत नसेल, तर तो नियम यंत्राचा राहिला नाही, मताचा झाला.

दुसरी, संस्थेचा आवाज. संस्थेच्या पत्त्यावरून, हुद्द्यासह लिहिलेले पत्र वाचणाऱ्याला संस्थेचे वाटू शकते. हा आक्षेप रास्त आहे आणि त्यावर उपायही सोपा आहे. ‘हे मत माझे वैयक्तिक आहे’ ही एक ओळ लिहावी, किंवा स्वतःच्या पत्त्यावरून लिहावे.

तिसरी, माणसाचे मत. इथे संस्थेचा अधिकार फार थोडा आहे, आणि सार्वजनिक संस्थेचा तर सर्वांत थोडा, कारण तिचा पैसा जनतेचा आहे. मत चुकले तर त्याला उत्तर द्यावे, खुलासा मागवू नये. विज्ञानात आपण याहून वेगळे काय करतो? आकड्याला आकड्याने उत्तर देतो. पत्ता कोणता होता हे विचारत नाही.

याला एक जोड हवी. टपाल तपासण्याचा अधिकार राखायचा असेल तर तो आधी लिहून, सर्वांना सांगून राखावा. टपाल अडवण्याची तरतूद १८९८ च्या डाक कायद्यात होती, २०२३ च्या नव्या डाक कायद्यातही आहे. पण तिला कारणांची चौकट आहे. शाळेच्या किंवा विद्यापीठाच्या संगणकखोलीला अशी चौकट नसावी, हे विचित्र आहे.

म्हसवडच्या शिक्षकांना आज भेटलो तर आम्ही सांगू की पत्ता शाळेचा होता, पत्र तुमचे होते. पुढच्या वेळी स्वतःच्या पत्त्यावरून लिहा, खाली वैयक्तिक मताची ओळ घाला, आणि त्याच आकड्यांची एक प्रत रीतसर वरिष्ठांमार्फत तहसील कार्यालयालाही पाठवा. जोशी मास्तरांना नाव झाकावे लागले, तुम्हाला ते झाकण्याचे कारण नाही. कॉर्निश यांनी खात्यातूनच आकडा पुढे नेला, तीही वाट तुम्हाला मोकळी आहे.

राहिले ते मुलांचे. तीन वर्षे रोज सकाळी साडेआठला ती पर्जन्यमापकापाशी जात होती. आपण मोजलेला आकडा छापून आला म्हणून गुरुजींना खुलासा द्यावा लागला, हे त्यांना कळल्यावाचून राहिले नसेल. मोजणे शिकवायला एक नळकांडे आणि एक पट्टी पुरते. मोजलेले सांगायला भिऊ नये हे शिकवायचे, तर ज्या शाळेत ते मोजले जाते तिने आधी तसे वागून दाखवावे लागते.